इटलीच्या चित्रकाराचे शुभेच्छुक

लातूरला फेब्रुवारी सरत आला की सकाळी दूध आणायला जाणंसुद्धा जिकिरीचं होतं. गल्लीत पोरं-पोरी हातात वह्या धरून येरझाऱ्या घालत असतात, ओठ हलत असतात, आणि समोरून माणूस येतोय का म्हैस, याचा त्यांना पत्ता नसतो. परवा एक पोरगी थेट माझ्या दुधाच्या पिशवीवर येऊन आदळली आणि माफी मागायच्या जागी कसलंसं सूत्र पुटपुटत पुढं निघून गेली. मी एका क्लासमध्ये रसायनशास्त्राचे पेपर तपासतो, त्यामुळं सूत्र बरोबर होतं एवढं खात्रीनं सांगतो. कडुलिंबाची पानं गळायला लागतात, दुपारचं ऊन डोक्यात शिरतं, झेरॉक्सच्या दुकानापुढं रांगा लागतात आणि सगळ्या शहराला परीक्षेचा ताप भरतो.

या दिवसांत मला मात्र रसायन आठवत नाही. मला आठवतो इटलीचा एक चित्रकार. पाचशे वर्षांमागं वारलेला. त्याला आम्ही नांदेडच्या भर चौकात वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या होत्या.

त्याचं नाव मी इथं लिहिणार नाही. एकदा लिहून पाहिलं, तेवढं पुरे झालं. शिवाय बायको म्हणते, त्या बिचाऱ्याची झाली तेवढी शोभा बस्स. बायको म्हणजे सुवर्णा. ती या सगळ्यात गळ्यापर्यंत सामील होती, पण आता तिचं म्हणणं असं, की ती फक्त शेजारी उभी होती.

मी लोह्याचा. नांदेडला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो तेव्हा वरून नियम आला, की विज्ञानाच्या पोरांनी कला शाखेचा एक विषय घ्यायचाच. कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सोप्या विषयांच्या जागा सकाळी दहाच्या आत भरल्या. माझी एसटी सोनखेडजवळ पंक्चर झाली. मी पोचलो तेव्हा यादीवर एकच विषय उरला होता, युरोपातली कला. तिथं आम्ही एकोणीस जण जमलो, आणि एकोणीसच्या एकोणीस उशिरा आलेले. सुवर्णा लातूरची. तिचा मेडिकलचा नंबर थोडक्यात हुकला होता आणि तो राग ती अख्ख्या दुनियेवर काढून राहिली होती. पहिल्याच तासाला तिनं सरांना विचारलं, याचा उपयोग काय. सर म्हणाले, मी पण तेच शोधून राहिलो, सापडला की सांगतो.

हे उत्तरवार सर. तासिकेवर होते, म्हणजे कायम नव्हते. जुलैत बोलावणं आलं तर यायचं, मार्च संपला की घरी बसायचं, असं त्यांचं नऊ वर्षं चाललेलं. धर्माबादहून रोज पॅसेंजरनं यायचे. घरची मिरचीची आडत, त्यामुळं त्यांच्या पिशवीला, पुस्तकांना आणि त्यांना स्वतःलाही मिरचीचा वास. पहिल्या बाकावर बसणारा तासाला दोनदा तरी शिंकायचाच. पिशवीत चित्रांची जाडजूड पुस्तकं असायची, वर्तमानपत्राच्या कागदाचं कव्हर घातलेली. वर्गात प्रोजेक्टर होता, पण त्याचा दिवा गेल्या साली गेला होता आणि नवीन दिव्याचा अर्ज कुठल्याशा टेबलावर होता. मग सर पुस्तक उघडून छातीशी धरायचे आणि एकेका बाकापाशी जाऊन उभे राहायचे, स्थळ बघताना मुलीचा फोटो फिरवतात तसे.

“काय दिसतं?” सर विचारायचे.

बाई, आम्ही म्हणायचो. आणखी? बाळ. आणखी? आणखी काय दिसायचं? आम्ही गप्प. सर थांबायचे. दोन-दोन मिनिटं थांबायचे. चिडायचे नाहीत, उत्तर सांगायचे नाहीत, नुसते थांबायचे. वरच्या पंख्याचा खडखडाट तेवढा ऐकू यायचा.

एकोणीसातले चौघंच तासाला बसायचो. मी कलेच्या ओढीनं बसायचो असं म्हणायला आता जीभ वळते, पण खरं सांगायचं तर अख्ख्या इमारतीत चालू असलेला पंखा त्याच खोलीत होता. आणि सर त्या चौघांना असं शिकवायचे की बाहेरून ऐकणाऱ्याला वाटावं, आत चारशे पोरं बसलीत. कधीकधी मला त्यांची कीव यायची. माझ्यासारख्याला कीव यावी म्हणजे बघा.

जानेवारीच्या शेवटी सरांनी चिठ्ठ्या टाकल्या. ज्याच्या वाट्याला जो चित्रकार येईल त्याची माहिती काढायची आणि वर्गात उभं राहून सांगायची, वीस मार्कांचं काम. पहिला नंबर माझा आला. मला वाटलं, चला, लवकर सुटलो. पण दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कॉलेजच्या नारायणमामा शिपायांनी हळूच सांगितलं, की त्या पहिल्या दिवशी प्राचार्य दोन पाहुणे घेऊन वर्गात येणार आहेत. वर्गात पंधरा पोरं दिसली तर विषय राहणार, नाहीतर पुढच्या साली बंद. विषय बंद म्हणजे सर बंद. सरांनी आम्हाला यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. मी सुवर्णाकडं बघितलं. तिनं बशी खाली ठेवली आणि म्हणाली, “चौघं आहोत. अकरा पाहिजेत. आणि तू बोलणार आहेस, म्हणजे आहेत ते चौघंही राहतात का ते बघावं लागेल.”

तर मी कामाला लागलो. ग्रंथालयात एक पुस्तक मिळालं, त्यातली चित्रं कुणीतरी ब्लेडनं कापून नेली होती. चौकोनी भोकांखाली फक्त नावं राहिली होती. मोबाईलवर शोधलं तर मजकूर भरपूर. अमक्याचा मुलगा, तमक्याचा शिष्य, या गावातून त्या गावात गेला, शेवटी तापानं वारला. वाचून मला वाटलं, असा माणूस तर आमच्या भावकीत पण आहे. यात उभं राहून सांगायचं काय? आणि अकरा जणांनी ते ऐकायला का यायचं? दोन्ही प्रश्नांना उत्तर नव्हतं. मग ठरवलं, निदान चित्र तरी मोठं दाखवू. प्रोजेक्टर नाही तर बॅनर छापू.

इथं माझी चूक झाली. आमच्याकडं बॅनर म्हणजे काय हे मराठवाड्याबाहेरच्या माणसाला उलगडून सांगावं लागेल. आमच्याकडं बॅनर दोनच कारणांनी लागतो, माणूस जन्मला म्हणून नाहीतर गेला म्हणून. बाकी सगळं मधलं. आणि दोन्हींत खाली ओळीनं फोटो असतात. वाढदिवस असेल तर शुभेच्छुक, गेला असेल तर शोकाकुल. माणसं तीच, फोटो तेच, फक्त वरचं अक्षर बदलतं.

सलीमभाईच्या दुकानात जाऊन मी चित्रकाराचा फोटो दिला. फोटो म्हणजे त्यानं स्वतःच काढलेलं स्वतःचं चित्र, डोक्याला मखमलीची टोपी, दाढी, नजर जरा तिरपी. शेजारी त्याचं ते आई-बाळाचं चित्र. वर नाव टाका म्हटलं आणि मेसची वेळ होत होती म्हणून निघालो. माझ्यामागं सलीमभाईनं विचार केला, की पोरगं घाईत होतं, बाकीचं सांगायचं विसरलं असेल. चांगल्या मनाचा माणूस. त्यानं सोनेरी अक्षरांत “वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा” टाकलं, एका बाजूला सिंह टाकला, आणि खाली शुभेच्छुक म्हणून माझ्या व्हॉट्सअॅपवरचा गॉगल लावलेला फोटो. एवढ्यावर थांबला असता तरी चाललं असतं. पण त्याच्या दरात लावून द्यायचं पण काम धरलेलं असायचं. दुपारी चार वाजता बॅनर कॉलेजच्या चौकात खांबाला लागला.

सुवर्णानं ऑटोतून बघितला आणि फोनवर आधी दोन मिनिटं नुसती हसली. मी पळत गेलो तर खाली दहा-पंधरा माणसं मान वर करून उभी. एकानं विचारलं, नवीन नेता आहे का. दुसरा म्हणाला, दाढीवरून पुण्याचा वाटतो. भाजीवालीनं हात जोडले. मी सलीमभाईकडं जाऊन तोंडाला येईल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, “शुभेच्छुक नसलेला बॅनर बेवारस दिसतो, भाई.”

संध्याकाळी आमच्या खोलीवर पोरं आली. वर्षभर तासाला ज्यांची सावली पडली नव्हती तीच. मला वाटलं, टिंगल करायला आलेत. पण सगळ्यांचे चेहरे पडलेले. एक जण दाराशीच म्हणाला, “विषय आपल्या सगळ्यांचा आहे ना? मग फोटो तुझा एकट्याचाच कसा?” दुसऱ्याचं म्हणणं, तू लोह्याचा म्हणून आमचं गाव नाही का. मी काही बोलायच्या आत सुवर्णानं, जी खाली गेटपाशी उभी राहून हे फोनवर ऐकत होती, मला स्पीकर चालू करायला लावला आणि जाहीर केलं, की नवीन बॅनर होणार आहे, तो वर्गात लागणार आहे, आणि त्या दिवशी जो हजर त्याचाच फोटो.

म्हणायला किती सोपं. दोन दिवसांत एकोणीसही तयार झाले. मग त्यांचे मित्र तयार झाले. मेसचे मालक म्हणाले, मी काय परका आहे का. लोह्याहून दोघं आले. ज्यांचा कलेशी, कॉलेजशी, नांदेडशी काही संबंध नाही असेही फोटो घेऊन आले, आणि सुवर्णानं प्रत्येकाकडून शपथ घेतली की तासाला बसणार. एक-दोघांनी तर स्टुडिओत जाऊन नवीन काढून घेतले. तिचा स्वतःचा फोटो पहिल्या ओळीत मधोमध. लातूरला तिच्या वडलांपर्यंत ही बातमी गेली, त्यांचा फोन आला, की बाळ, पक्ष कोणता आहे तेवढं सांग.

सलीमभाईच्या संगणकापुढं बसून आम्ही फोटो लावत होतो. फोटो वाढतील तसा चित्रकार लहान होत चालला. शेवटी आई-बाळाचं चित्र तळहाताएवढं झालं तेव्हा मी म्हटलं, आता पुरे, हे तरी दिसू द्या. सलीमभाईनं ते मोठं करून बघितलं, काही खराब झालंय का म्हणून. उजव्या कोपऱ्यात खाली एक गोलमटोल माणूस गुडघ्यावर बसलेला, हात जोडलेले. त्याच्यामागं बायको, तिच्यामागं उतरत्या उंचीची लेकरं. मी ते चित्र महिनाभर बघत होतो आणि हे लोक मला दिसले नव्हते.

सलीमभाई पडद्याकडं बघत राहिला. म्हणाला, “तुमच्या आधीच कुणीतरी फोटो टाकून ठेवलेत की. हा पैसे देणारा. अंगावरचे कपडे बघा, नवे आहेत. आणि बसलाय देवापुढं, पण बघून राहिलाय आपल्याकडं.”

मी जाऊन शोधलं, तर सलीमभाई शंभर टक्के बरोबर होता. त्या काळातले श्रीमंत व्यापारी चर्चसाठी चित्र करून घ्यायचे आणि खालच्या कोपऱ्यात आपल्याला, बायकोला, लेकराबाळांना बसवून घ्यायचे. पाचशे वर्षांमागं, सातासमुद्रापार, हेच. मला भाषण मिळालं होतं.

आता लातूरच्या रस्त्यावरून जाताना मला दर जूनमध्ये हे आठवतं. निकाल लागले की क्लासवाल्यांचे बॅनर लागतात, ओळीनं पोरांचे चेहरे, प्रत्येकाखाली मार्क. येणारे-जाणारे थांबून बघतात. आईबाप लेकराला उचलून दाखवतात, बघ, हे दादा. ज्यांचे फोटो तिथं नसतात त्यांचे पेपर पण मीच तपासलेले असतात, म्हणून मी फार वेळ थांबत नाही. आपण कुठंतरी दिसावं, ही हौस माणसाला कशी लागत असेल? इटलीतल्या त्या व्यापाऱ्याला मी हसलो खरा, पण माझा गॉगलवाला फोटो चौकात लागला होता तेव्हा ओरडून झाल्यावर मी पण पलीकडच्या फुटपाथवरून एकदा नीट बघून आलो होतो. हे सुवर्णाला माहीत नाही. आता वाचून कळेल.

तर तो दिवस. चाळीसच्या खोलीत साठाच्या वर माणसं. खिडकीत पोरं, दारात पोरं, मेसचे मालक पहिल्या बाकावर, शिंकत. फळ्यावर बॅनर, त्यावर ते आई-बाळाचं चित्र पुन्हा मोठं केलेलं. प्राचार्य दोन पाहुण्यांना घेऊन आले आणि आत पाय ठेवायला जागा नाही म्हणून व्हरांड्यातच उभे राहिले. मी सुरुवात केली, की हा जो कोपऱ्यात हात जोडून बसलाय, तो या चित्राचा शुभेच्छुक. वर्ग हसून फुटला. मग मी काय थांबतोय. त्याचे कपडे, त्याची बायको, मागच्या ओळीत गेलेला धाकटा पोरगा, सगळ्यांना घेतलं. मधेच बॅनरवरच्या एकेकाला उभं केलं. पाहुण्यांतले एक जण डोळे पुसत होते. प्राचार्य सरांना म्हणाले, उत्तरवार, विषय एवढा जोरात चाललाय हे आम्हाला सांगायचं नाही का. सर मागच्या भिंतीला टेकून उभे होते, दोन पोरांच्या मधे दबून. त्यांनी नुसती मान हलवली.

विषय वाचला. आम्ही टपरीवर पार्टी केली. सरांनी मला वीसपैकी चौदा दिले तेव्हा माझं डोकं फिरलं. तुम्हाला वाचवलं आणि चौदा? मी आठ दिवस सरांशी बोललो नाही, तोवर मार्च संपला.

जुलैत त्या विषयाला अडुसष्ट नावं आली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. विषयाला पोरं नव्हती तोवर तो सरांचा होता. पोरं आली तसे त्याचे तास मोलाचे झाले. दुसऱ्या विभागातल्या एका कायम प्राध्यापकांचे तास कमी भरत होते, तो विषय त्यांना देऊन टाकला. सरांना बोलावणंच आलं नाही. आम्ही पंधरा आणले असते तर सर राहिले असते. हे मला ज्या दिवशी कळलं त्या दिवशी मी जेवलो नाही. विषय आम्हाला तिसऱ्या वर्षालाही होता; नवीन प्राध्यापक नोट्स सांगायचे आणि आम्ही लिहून घ्यायचो. चित्र कुणी दाखवलं नाही.

धर्माबादला जाऊन सरांना तोंड दाखवायची माझी छाती झाली नाही. जाऊ जाऊ म्हणत सात-आठ महिने गेले. पुन्हा फेब्रुवारी आला, तेव्हा सुवर्णा एक दिवस सरळ स्टेशनवर जाऊन दोन तिकिटं घेऊन आली. मुदखेड, उमरी, मग धर्माबाद. मोंढ्याच्या बाजारात शिरलो तर जिकडं तिकडं लाल. मिरचीचे ढीग, पोती, हवेत खकाणा. बायका ओळीनं बसून देठं तोडत होत्या. सर भावाच्या आडतीत नाकाला रुमाल बांधून पोत्यावर बसले होते. आम्हाला बघून आधी दोन रुमाल दिले, नाकाला बांधा म्हणाले, मग चहा सांगितला.

मी पाठ करून आलेलं सगळं विसरलो. एवढंच म्हणालो, “सर, आमच्यामुळं गेला तुमचा विषय.”

“पंधरा आणायचे होते रे,” सर म्हणाले. “तुम्ही अख्खं नांदेड आणलं.”

ते हसले, आम्ही पण हसलो. मग त्यांचं हसू थांबलं. म्हणाले, वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. जुलैभर सकाळी तयार होऊन स्टेशनवर जायचो आणि गाडी गेली की परत यायचो. घरी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी हे इतक्या साधेपणानं सांगितलं की मला रडू आलं, आणि मिरचीमुळं आलं असं मी म्हणालो, तर सर म्हणाले, हाव, इथं तसं होतं.

सुवर्णाला राहवलं नाही. तिनं विचारलं, चौदाच का दिले होते.

“हा कोपऱ्यातल्या माणसाबद्दल पाऊण तास बोलला,” सर म्हणाले. “मधल्या बाईबद्दल एक शब्द नाही.”

आणि त्यांनी पोत्यामागून ती पिशवी काढली. तेच पुस्तक, तोच कागद. माझं ते आई-बाळाचं चित्र उघडून छातीशी धरलं. काय दिसतं? बाई, मी म्हणालो. आणखी? बाळ. आणखी? मी खरंच बघितलं, जीव लावून बघितलं, आणि मला काही सुचेना. सर थांबले.

शेजारी देठं तोडणारी एक बाई, गंगव्वा, हातातली मिरची टाकून उठली, पदर नाकाला लावून जवळ आली. बराच वेळ बघत राहिली.

“लेकरू धरलंय तिनं,” ती म्हणाली, “पण आवळलं न्हाई. बोटं सैल हायत बघा. हे लेकरू जाणार हाय. तिला ठावं हाय.”

मी बोटं बघितली. सैल होती. सरांनी छातीशी धरलेलं, मी बॅनरवर छापलेलं चित्र, आणि त्यातले हात मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले. सर वर्गात थांबायचे तसेच थांबले होते, फरक एवढाच, की या वेळी उत्तर आलं होतं आणि पुढं काय करायचं हे त्यांना सुचत नव्हतं. मग आणखी दोघी उठल्या. मग तिसरी. एकीनं बाळाच्या पायाकडं बोट केलं, दुसरी तिला म्हणाली, सरक गे, मला बघू दे. सरांनी पुस्तक जरा खाली धरलं, सगळ्यांना दिसावं म्हणून, आणि एकेकीपाशी नेलं.

शेवटी भावानं आतून हाक मारली तशा बायका पुन्हा ढिगाशी बसल्या. गंगव्वा बसता बसता वळली.

“सारू, उद्याच्याला बी हाय का हे?”

सरांना नऊ वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. आम्ही तर नाहीच. त्यांनी पुस्तक मिटलं, कागद नीट केला, रुमाल नाकावरनं खाली घेतला.

“हाय,” सर म्हणाले. “याच टायमाला.”